सोळा इनपुट, पण माइकसाठी एकही नाही

हरिनाम सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी मला एका गावातून फोन आला. मंडळाने नवा मिक्सर आणला होता, १६ इनपुटचा, आणि रॅकमध्ये अँप्लिफायरच्या वर स्क्रूने घट्ट बसवलाही होता. कीर्तनकारांचा माइक लावला, नॉब पार उजवीकडे फिरवला, तरी आवाज मांडवाच्या दुसऱ्या खांबापलीकडे जाईना, आणि स्पीकरमधून सारखं ‘सुस्स’ येत होतं. मी पोचेपर्यंत कुणीतरी अँप्लिफायरही शेवटपर्यंत उघडून ठेवला होता. तेवढ्यात साथीच्या मुलाने त्याच मिक्सरला कीबोर्डची पिन लावली आणि एका हॉर्नचा डायफ्राम, म्हणजे आवाज काढणारा पडदा, जागीच गेला.

मिक्सरमध्ये काहीच बिघाड नव्हता. तो लाइन मिक्सर होता, आणि मंडळाला हवा होता माइक मिक्सर.

ही चूक कुणाच्याही हातून होऊ शकते, कारण समोरून हे दोन डबे जुळ्या भावांसारखे दिसतात. दोन्ही १९ इंच म्हणजे ४८२.६ मिलिमीटर रुंद, दोन्ही एक युनिट म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंच. समोर बारीक नॉबांची एक ओळ, उजव्या टोकाला मेन, शेजारी चार-पाच दिवे. एवढ्या उंचीत लांब सरकपट्टीचे फेडर मावत नाहीत. फरक सगळा आत आहे, आणि तो व्होल्टेजचा आहे.

शूअरचा एसएम५८ आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक साउंडवाल्याच्या पेटीत असतो. त्याच्यापुढे ९४ डेसिबलचा आवाज झाला तर तो सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. कीर्तनकारांनी माइक ओठांशी धरून खड्या आवाजात अभंग घेतला आणि पातळी ११४ डेसिबलवर गेली, तरी १८.५ मिलिव्होल्ट. आता दुसरी बाजू पाहा. व्यावसायिक यंत्रांची ठरलेली लाइन पातळी, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात जाणाऱ्या सिग्नलची पातळी, +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. मोबाइल, लॅपटॉप, घरगुती प्लेअर यांची साधारण ०.३१६ व्होल्टच्या आसपास. म्हणजे माइकचा सिग्नल व्यावसायिक लाइनपेक्षा कधी साठ-सत्तर पट, तर कधी सहाशे पटींनी लहान असतो. ही दरी भरून काढणारं सर्किट म्हणजे प्रीअँप. माइक मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलला ते असतं आणि ५० ते ६० डेसिबलपर्यंत वाढ देतं. ६० डेसिबल म्हणजे हजार पट. लाइन मिक्सरच्या लाइन चॅनेलला ते नसतंच. त्याचा नॉब पूर्ण उघडला तरी वाढ मिळते ती सहसा दहा-वीस डेसिबलची, म्हणजे फार तर दहा पट.

त्या संध्याकाळचा ‘सुस्स’ इथूनच आला होता. माइकचा इवलासा सिग्नल मिक्सरमधून तसाच इवलासा बाहेर पडला. मग अँप्लिफायर उघडल्यावर सिग्नलबरोबर मिक्सरची स्वतःची सळसळही तितकीच मोठी झाली. आणि त्या उघड्या अँप्लिफायरवर कीबोर्डचा कित्येक पटींनी मोठा सिग्नल आला, तेव्हा हॉर्न वाचणं शक्यच नव्हतं.

तेव्हा दुकानात गेलात की डबा आधी उलटा करा. मागे तीन पिनांचे एक्सएलआर सॉकेट, ज्यांना आपल्याकडे बरेच जण कॅनन म्हणतात, ओळीने दिसले आणि कुठेतरी ४८ व्होल्टचं (कंडेन्सर माइकला वीज पुरवणारं) बटण असलं तर तो माइक मिक्सर. नुसत्या पी-३८, म्हणजे पाव इंची, जॅकच्या भोकांची रांग दिसली तर लाइन मिक्सर. बेरिंजरचा आरएक्स१६०२ घ्या. त्यावर १६ इनपुट लिहिलेलं आहे आणि ते खरं आहे, पण ते आठ स्टिरिओ चॅनेल आहेत, सगळे लाइनचे. आवाजाचे नॉब आठच. एआरटीचा एमएक्स८२१एस मात्र आठ चॅनेलचा असून प्रत्येक चॅनेलला माइक लागतो. एक युनिटमध्ये दोन्ही मावतात. आकडा मोठा आहे म्हणून पहिला घेतला, की वरची संध्याकाळ आलीच. काही लाइन मिक्सरवर एक-दोन माइक इनपुटही दिलेले असतात. ते मोजून घ्यावेत, बाकीच्या चॅनेललाही माइक चालेल असं धरून चालू नये.

म्हणून लाइन मिक्सर कमी प्रतीचा ठरत नाही. ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याला मी कायम लाइन मिक्सरच सुचवतो. त्याच्याकडे दोन कीबोर्ड, एक ऑक्टापॅड, ट्रॅक वाजवायला लॅपटॉप. सगळे स्टिरिओ, सगळे लाइन पातळीचे. सात-आठ वायरी मुख्य मिक्सरपर्यंत नेण्यापेक्षा रॅकमध्येच एकत्र केल्या, तर फक्त डावी-उजवी अशी जोडी पुढे जाते आणि स्टेज बदलताना पाच मिनिटांत सामान उभं राहतं. वायरलेस माइकच्या रिसीव्हरचंही तसंच. पुष्कळ रिसीव्हरना माइक आणि लाइन अशा दोन पातळ्या असतात. लाइनवर ठेवला तर तोही या मिक्सरला सुखाने लागतो.

इथं एक जण हमखास विचारतो की वाय केबलने दोन कीबोर्ड एकत्र केले तर काय बिघडतं? एक सिग्नल दोन ठिकाणी न्यायला वाय केबल बहुतेक वेळा चालते. दोन आउटपुट एका इनपुटात कोंबायला ती वापरू नये. एकाचं आउटपुट दुसऱ्यावर भार टाकतं, दोघांचाही आवाज पडतो, खरखर येते. सिग्नल एकमेकांपासून अलग ठेवून जोडायचे असतील तर मिक्सरच लागतो, मग तो केवढाही लहान असो.

माइक मिक्सरची जागा कीर्तन, प्रवचन, ग्रामसभा, छोटं भजन. कीर्तनकार, हार्मोनियम, पखवाज, दोन टाळकरी असे पाच-सहा माइक, आणि फार तर तानपुऱ्याच्या ॲपसाठी एक मोबाइल. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. लहान माइक मिक्सरवर ४८ व्होल्टचं बटण बहुधा सगळ्या चॅनेलना मिळून एकच असतं. कंडेन्सर माइकसाठी ते दाबलं की तो विद्युतदाब शेजारच्या चॅनेलवरही जातो. एसएम५८सारख्या डायनॅमिक माइकला बॅलन्स्ड वायरीवर त्याने काही होत नाही, पण कीबोर्ड किंवा मोबाइल जुगाडू वायरीने त्याच एक्सएलआरमध्ये घातला तर इजा होऊ शकते. मध्ये डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची छोटी डबी) ठेवा, तो पातळीही खाली आणतो. दुसरं म्हणजे उघडे माइक. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी सुरू होण्याआधी मिळणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने कमी होतो. टाळकऱ्यांचे माइक निरूपणाच्या वेळी बंद करणं, हे महागड्या इक्वलायझरपेक्षा जास्त काम करतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. लोक इनपुट मोजतात, बाहेर जाणाऱ्या वाटा मोजत नाहीत. मिक्सर लाइनचा असो वा माइकचा, कार्यक्रम अडतो तो आउटपुटवर. मांडवाचे स्पीकर ही एक वाट झाली. कीर्तनकारांपुढचा मॉनिटर, म्हणजे त्यांना स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, ही दुसरी. रेकॉर्डिंगसाठी किंवा मोबाइलवरून थेट प्रक्षेपणासाठी तिसरी. प्रत्येकाला वेगळं मिश्रण हवं असतं. पखवाजवाल्याला पखवाज ऐकायचा नसतो, त्याला हार्मोनियम आणि कीर्तनकार हवे असतात. मांडवाशिवायच्या अशा प्रत्येक मिश्रणाला एकेक ऑक्स सेंड, म्हणजे मिक्सरमधून बाहेर जाणारी वेगळी वाट, लागतो, आणि एक युनिटच्या मिक्सरवर ते एक-दोनच असतात, काहींवर एकही नाही.

ऑक्स आहे म्हणून खूश होण्याआधी तो प्री आहे की पोस्ट, हे बघावं. प्री म्हणजे चॅनेलच्या मुख्य नॉबच्या आधी घेतलेला सिग्नल. मांडवाचा आवाज कमी-जास्त करा, मॉनिटर जिथल्या तिथे राहतो. पोस्ट म्हणजे नॉबनंतर घेतलेला, मुख्य नॉब हलला की तोही हलतो. एकोसाठी पोस्टच हवा, नाहीतर माइक खाली आणल्यावरही एको मागे घुमत राहतो. मॉनिटरसाठी प्री हवा. पोस्ट ऑक्सवर मॉनिटर चालवला, तर मांडवात आवाज थोडा उतरवला की कीर्तनकार हातानेच खूण करतात, मला ऐकू येत नाहीये. बिचाऱ्या ऑपरेटरला कळतच नाही की त्याने मॉनिटरला हातही लावलेला नाही.

ऑक्स नसलाच तर एक जुनी युक्ती आहे. चॅनेलला पॅन किंवा बॅलन्सचा नॉब असेल तर डावं आउटपुट मांडवाला द्या आणि उजवं मॉनिटरला. आता पॅनचा नॉब कोण कुठे किती जाणार ते ठरवतो. स्टिरिओ जातं, पण लांबट मांडवात बसलेल्या माणसाला बहुधा एकाच बाजूचा स्पीकर ऐकू येतो, त्याचं काही नुकसान होत नाही.

तीन मॉनिटर आणि आठाहून जास्त माइक हवे असतील तर एक युनिटचा मोह सोडावा. त्या जागी बेरिंजरच्या एक्सआर१८सारखा डिजिटल मिक्सर रॅकमध्ये बसतो. १६ माइक प्रीअँप, ६ ऑक्स आउटपुट, आणि प्री-पोस्ट प्रत्येक सेंडला निवडता येतं. नॉब नाहीत, सगळं टॅबलेटवर. त्याच्या आतल्या वाय-फायवर मात्र हजार मोबाइलांच्या गर्दीत विसंबू नका, वेगळा राउटर लावा आणि तो माणसांच्या डोक्यांपेक्षा वर टांगा.

रॅकमध्ये बसवताना मागच्या वायरींना आधीच चिठ्ठ्या लावाव्यात, कारण एकदा स्क्रू आवळले की मागे फक्त अंधार आणि हात जेमतेम जाईल एवढी फट उरते. लॅपटॉपचा चार्जर लावताच घूं असा आवाज सुरू झाला, तर अर्थिंगची पिन कापू नका. ती पिन माणसाचा जीव वाचवते, आणि जनरेटरवरच्या मांडवात तर जास्तच. घूं घालवायला डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण आहे.

खरेदीला जाताना स्वतःचा माइक, त्याची वायर आणि कीबोर्ड बरोबर न्या. दुकानदाराला माइक लावायला सांगा, गेन (प्रीअँपची वाढ ठरवणारा नॉब) अर्ध्यावर ठेवा आणि बोला. सिग्नलचा हिरवा दिवा लागला पाहिजे. मग बोलणं थांबवून नॉब तिथेच ठेवा आणि स्पीकरला कान लावा, सळसळ किती आहे ते तिथेच कळेल. त्यानंतर गेन खाली आणून लाइनच्या जॅकला कीबोर्ड लावा आणि जोरात वाजवून लाल दिवा पेटतो का ते बघा. शेवटी मॉनिटरचा सेंड उघडून त्याच चॅनेलचा मुख्य नॉब शून्यावर आणा. मॉनिटरमधला आवाज तसाच राहिला तर तो सेंड प्री आहे.