कोंबडा घेताना आधी त्याची आई बघा

कोकणातल्या बहुतेक वाड्यांत कोंबड्यांचा वंश दरवर्षी थोडा थोडा बिघडत जातो, आणि तो कोणी मुद्दाम बिघडवत नाही. मे महिन्यात चाकरमानी येतात, वडे-सागोतीचा बेत ठरतो आणि खुराड्यातला सगळ्यात भरदार कोंबडा पहिला जातो. मग गटारी येते, राखणदाराचं, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचं, देणं येतं. तिथेही मान ताठ असलेला, पिसारा झळकणाराच लागतो. पाऊस सरता सरता जो उरतो तो कोणाच्याच नजरेत न भरलेला, किडमिडा. पुढच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच होतो. चार वर्षांनी ‘गावठीत आता दम नाही राहिला’ असं म्हणत आपण बाजारातून मोठ्या जातीचा कोंबडा आणतो. दम गेला नाही, आपण तो दरवर्षी रश्श्यात घातला.

नुसती अंडी खायची असतील तर कोंबडा पाळायची गरजच नाही. कोंबडी त्याच्यावाचूनही अंडी घालते, आणि आपल्या हवेत ती अंडी जास्त टिकतात. फलित अंड्यातला जीव साधारण २०-२१ अंश तापमानाच्या वर हळूहळू वाढायला लागतो, आणि किनाऱ्यावर उन्हाळ्यात त्याहून थंड रात्र शोधून सापडायची नाही. पिल्लं हवी असली की मात्र हिशेब बदलतो. दहा कोंबड्यांत एक कोंबडा असेल, तर प्रत्येक कोंबडी फक्त स्वतःच्या पिल्लांत अर्धी वाटेकरी. कोंबडा सगळ्याच पिल्लांत अर्धा. दहाही कोंबड्या बदलून जेवढा फरक पडेल, तेवढा एकटा कोंबडा बदलून पडतो.

मुलींच्या बाबतीत तर त्याचा वाटा अर्ध्याहूनही थोडा जास्त भरतो. माणसात मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात. कोंबडीकडे एक झेड आणि एक छोटं डब्ल्यू. मुलीला आईकडून डब्ल्यू मिळतं, म्हणजे तलंगेकडचं, तरुण कोंबडीकडचं, एकुलतं एक झेड बापाचंच असतं. हे झेड चांगलं मोठं आहे. पिसं लवकर फुटणार की उशिरा, अंगावर पट्टे येणार की नाही, असे बरेच गुण त्याच्यावर बसलेत. आणि कोंबड्याच्या दोन झेडपैकी एक त्याला स्वतःच्या आईकडून आलेलं असतं. कोंबडा अंडी घालत नाही, पण अंडी घालण्याची कुवत पुढे नेतो. म्हणून बाजारात त्याचं वजन हातात तोलण्यापेक्षा ज्या घरात तो वाढला तिथे जाऊन विचारावं: याची आई किती अंडी घालून खुडूक बसते? बसली तर किती पिल्लं काढते, आणि त्यातली किती घारी-मुंगसांतून वाचवते? हे घरातल्या बाईमाणसाला अचूक माहीत असतं. तिला विचारावं, पुरुषांना सहसा फक्त वजन ठाऊक असतं.

या झेडचा खेळ डोळ्यांनी बघायचा असेल तर कडकनाथ बघा. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या काळ्या जातीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भाव चढला आणि आपल्याकडेही अनेकांनी एक काळा कोंबडा आणून गावठी कोंबड्यांत सोडला. काळं मांस, चढा दर, असा साधा विचार. पण कोंबड्या पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या असतील तर पहिल्या पिढीत तलंगा काळवंडलेल्या निघतात आणि नर उजळ कातडीचे. म्हणजे जे नर मांसासाठी विकायचे, नेमके तेच काळे नाहीत! कारण असं: कातडी आणि हाडांपर्यंत काळेपणा आणणारा जीन कडकनाथ बाप सगळ्या पिल्लांना देतो. पण उजळ पायांच्या कोंबडीच्या झेडवर हा काळेपणा दाबून टाकणारा दुसरा जीन असतो, आणि ती आपलं झेड फक्त मुलग्यांना देते. मुलींना दाबणारं कोणी मिळत नाही. सिल्की या काळ्या कातडीच्या कोंबड्यांवर हे कोडं बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९११ मध्येच मांडलं होतं. काळे नर हवे असतील तर कोंबडीही कडकनाथ, निदान काळपट पायांची तरी हवी.

पिवळ्या पायांचा विषय निघालाच आहे म्हणून. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे जुनं ज्ञान. पण पिवळ्या कातडीचा जीन त्याच्याकडून आला नाही. तो राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये जनुकांच्या तपासणीत दिसलं. हा राखी रानकोंबडा म्हणजे सह्याद्रीतलाच, आंबोलीच्या रानात पहाटे तुटक ओरडतो तो. पिवळ्या पायांची कोंबडी जगात कुठेही असो, त्या पिवळेपणाचा उगम भारतातल्या या रानपाखराकडे जातो.

आता जातीचं. गिरिराज, वनराज, आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड), ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प, असील. नावं सगळ्यांना पाठ आहेत. परसातल्या कळपासाठी मला यातला सर्वात जड कोंबडा नको वाटतो, आणि पहिलं कारण हवा. कोंबडीला घाम येत नाही. अंगाचं तापमान ४१-४२ अंश, वर पिसांचं पांघरूण; उष्णता काढायची ती चोच उघडून धापा टाकत, घशातला ओलावा उडवून. विदर्भातल्या कोरड्या उन्हात हा उपाय बरा चालतो. आपल्याकडे हवाच ओली, तिथे ओलावा उडणार कसा? शरीर जितकं जड तितकी आत तयार होणारी उष्णता जास्त आणि ती बाहेर टाकायला कातडी त्या मानाने कमी. मेच्या दुपारी आधी लोळतो तो जड कोंबडाच. शिवाय तीन-साडेतीन किलोचा नर सव्वा किलोच्या गावठी कोंबडीवर रोज चढला तर तिच्या पाठीची पिसं आठवड्यांत उडतात, नखांनी बगला फाटतात.

उघड्या मानेचा कोंबडा मात्र मिळाला तर सोडू नये. दिसायला तो कुरूप, खरंच. पाहुणे आजारी समजतात. पण एका जीनमुळे मान आणि छातीखालची पिसं कमी होतात आणि तेवढ्या उघड्या कातडीतून उष्णता बाहेर पडते. हा जीन प्रभावी आहे, त्यामुळे साध्या कोंबड्यांबरोबरही निम्मी किंवा सगळी पिल्लं उघड्या मानेची निघतात. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा झुबका असेल तर कोंबड्याकडे त्या जीनची एकच प्रत आहे, म्हणजे निम्मी. मान जवळजवळ साफ असेल तर दोन प्रती, म्हणजे सगळी.

जड, सुधारित कोंबडा नको वाटण्याचं दुसरं कारण खुडूक कोंबडीचं, म्हणजे अंडी उबवायला बसणारीचं. वनराज किंवा ग्रामप्रियासारख्या सुधारित कोंबड्या अंडी भरपूर घालतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. शास्त्रज्ञांनी ते मुद्दामच घडवलंय, कारण खुडूक बसलेली कोंबडी अंडी घालायची थांबते. या जाती जिथे घडल्या त्या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात ते योग्यच. पण वाडीत २१ दिवस अंडी उबवणार कोण? इन्क्युबेटर आणला तरी जुलैत माडाची झावळी तारेवर पडली की रात्रभर वीज नाही. सुधारित कोंबड्याची पहिली पिढी दणदणीत निघते, संकराचा जोर असतो तिच्यात. त्याच पिढीतला नर ठेवून पुढे पैदास केली की जोर उतरतो, पिल्लं एकमेकांसारखी राहत नाहीत, आणि हळूहळू बसणाऱ्या कोंबड्याही कमी होतात. सुधारित कोंबडा आणायचाच असेल तर त्याची पिल्लं खाण्या-विकण्यासाठी ठेवावीत आणि दोन-तीन अस्सल गावठी, बसणाऱ्या कोंबड्यांचा वंश वेगळ्या गावठी कोंबड्यावर चालू ठेवावा.

स्वभावही जातीइतकाच मोलाचा. चांगला कोंबडा घार दिसली की एक आवाज काढतो, जमिनीवरून कुत्रा-मुंगूस आलं की दुसराच, आणि कोंबड्याही त्याप्रमाणे दडतात किंवा मान उंचावतात. दाणा सापडला की स्वतः न खाता टुकटुक करून कोंबड्यांना बोलावतो. दहा मिनिटं खळ्यात उभं राहून हे बघता येतं. आरवण्यावरून मात्र कोंबड्याचे गुण ठरवू नका. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की कायम मंद उजेडात कोंडलेला कोंबडाही शरीरातल्या घड्याळाप्रमाणे पहाटेच आरवतो. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतंच, असं आपली म्हण सांगते; तिथे तर कोंडलेलं कोंबडंही वेळेवर आरवलं. पुढे त्यांना असंही दिसलं की सगळ्यात वरच्या मानाचा कोंबडा आधी आरवतो, बाकीचे त्याच्यामागून. खुराड्यात दोन कोंबडे असतील तर कोण धनी ते अंथरुणातूनच कळतं.

आणि कोंबडा आपल्याच घरचा नको. बाप-लेकीच्या किंवा भावा-बहिणीच्या संबंधातून झालेल्या पिल्लात, दर चार जीनांमागे एकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. अंडी फलित असूनही आत पिल्लू मरतं, निघालेलं अशक्त राहतं. खाडीपलीकडच्या किंवा डोंगरापल्याडच्या वाडीतल्या घराशी दर दोन वर्षांनी कोंबड्यांची अदलाबदल करावी. दोन्हीकडे फायदा, पैसा शून्य.

आणायचा तो दसऱ्यानंतर, जमीन सुकल्यावर. हातात घेऊन शेपटीखालची पिसं फुंकून बघा. मुळाशी पांढरट गुठळ्या चिकटलेल्या असतील तर त्या उवांच्या अंड्यांच्या. तुरा फिकट असेल तर पोटात जंत असण्याचा संभव. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टोचलेली आहे का ते विचारा. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे मांगरात, घरापासून वेगळ्या खोपीत, ठेवा, कोंबड्यांत सोडू नका. जुना कोंबडा त्याच दिवशी हलवला तर या काळात आणखी एक काम आपोआप होतं: कोंबड्यांच्या पोटात उरलेलं त्याचं बीज संपत येतं. कोंबडीच्या अंडवाहिनीत बारीक नळ्या असतात, त्यांत ती नराचं बीज दोन आठवडे, कधी तीनही, जिवंत साठवून ठेवते. जुना कोंबडा पातेल्यात गेला तरी त्याची पिल्लं येत राहतात. नवा सोडल्यावरही पहिल्या आठवड्याची अंडी बसवू नयेत. ती ऑम्लेटला घ्यावीत.