ओपन मॅट आणि ड्रॉप-इन: 'ओपन' असतं ते नक्की काय?

दर डिसेंबरला युरोपात फिरायला निघालेल्या दोघा-तिघांचा तरी हाच मेसेज येतो. "ताई, प्रागमध्ये रविवारी अकराला जिउ-जित्सूची ओपन मॅट दिसतेय. ओपन आहे म्हणजे थेट गेलं तरी चालेल ना?" नाही चालणार. चाललंच तर ते तुमचं नशीब आणि दारात भेटलेल्या माणसाचा चांगुलपणा. दर वर्षी हेच फोनवर समजावून मी कंटाळलेय, म्हणून या वेळी एकदाच नीट लिहून टाकते.

ब्राझिलियन जिउ-जित्सूचा (कुस्तीसारखा, जमिनीवर पकडींनी लढायचा खेळ) रोजचा क्लास कसा असतो हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. ड्रॉप-इन म्हणजे तोच क्लास, फक्त तुम्ही एका दिवसाचे विद्यार्थी. फी भरायची (मला बहुतेक शहरांत 15 ते 25 युरो पडले, स्वित्झर्लंडमध्ये जास्त), दुखापत झाली तर जबाबदारी माझी अशा कागदावर सही करायची, रांगेत आपल्या पट्ट्याच्या जागी उभं राहायचं आणि कोच सांगेल ते करायचं. यात कुणी फारसं चुकत नाही. चुकलंच तर एवढंच, की कोच एक दाखवतोय आणि पाहुणा जोडीदाराच्या कानात "आमच्याकडे हे असं करतात" म्हणून स्वतःचा क्लास सुरू करतो. हे करू नका. निळे पट्टेवाले (पांढऱ्याच्या पुढची पायरी) हे सगळ्यात जास्त करतात, आणि मी निळीच आहे, म्हणून अधिकारानं सांगते. गी (जाड सुती जॅकेट-पँट) की नो-गी (त्याशिवाय, टी-शर्टवर), ते वेळापत्रकात लिहिलेलं असतं. तेवढं वाचा.

आता ओपन मॅट.

सगळा घोळ त्या 'ओपन' शब्दानं घातलाय. आपल्या कानाला ओपन म्हणजे सर्वांसाठी खुलं: ओपन टूर्नामेंट, ओपन कॅटेगरी. इथे मात्र मोकळी असते ती वेळ. त्या दोन तासांत शिकवणं नाही, ठरलेला विषय नाही, कोच हजर असेलच असंही नाही. मॅट मोकळी आहे, कुणी रोल करा (म्हणजे सरावाची लढत खेळा), कुणी कालचा स्वीप (खालून वरच्याला उलटवायचा डाव) घोटा, कुणी कोपऱ्यात बसून गुडघ्याला टेप लावा. पण हे 'कुणी' कोण? तर ज्यांचा त्या मॅटवर आधीपासून हक्क आहे ते, म्हणजे दर महिन्याला फी भरणारे सभासद. शाळेतला ऑफ तास आठवा. गणिताचे सर आले नाहीत, वर्ग मोकळा आहे, दंगा चालू आहे. म्हणून शेजारच्या शाळेतली पोरं येऊन बाकावर बसत नाहीत.

पाहुण्यांना घेणाऱ्या ओपन मॅट असतात, भरपूर असतात, पण तसं वेगळं लिहिलेलं असतं: 'पाहुण्यांचं स्वागत', 'सर्व अकॅडम्यांसाठी'. असं काही लिहिलेलं नसेल तर ती सभासदांचीच समजा आणि विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. पैशांचंही तेच. कुठे फुकट, कुठे पाच-दहा युरो. 'ओपन' या शब्दात दार उघडं असल्याचा अर्थ नाही, तसा फुकटचाही नाही.

आपल्याकडचे लोक इथेच का अडखळतात, याला माझ्या मते कारण आहे. पुण्या-मुंबईत मी शिकले तेव्हा अकॅडम्या मोजक्या आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. एकानं ओपन मॅट ठेवली की बाकीच्यांना आपसूक आमंत्रण. व्हॉट्सॲपवर वेळ आली की बॅग उचलायची. त्यामुळे ओपन मॅट म्हणजे शहरभराची बैठक, हा अर्थ डोक्यात पक्का बसला. खरं तर आपल्याला याहून जुनी आणि शहाणी रीत माहीत आहे. परगावचा पैलवान कोल्हापूरच्या तालमीत सरावाला आला तर आधी वस्तादांना भेटतो, कुणाचा पठ्ठा ते सांगतो, मग लंगोट लावतो. आखाडा उघडाच आहे म्हणून थेट मातीत उतरत नाही. युरोपात जाताना हीच रीत बरोबर न्या, पुण्यातली ओपन मॅटची सवय नको.

या खेळात अकॅडम्यांमधल्या भिंतीही जुन्या आहेत. दुसऱ्या अकॅडमीत जाणाऱ्याला ब्राझीलमध्ये 'क्रिओन्ची' म्हणत, म्हणजे फितूर. एका टीव्ही मालिकेतल्या पात्रावरून कार्लसन ग्रेसी या नावाजलेल्या ब्राझिलियन गुरूनं तो शब्द रूढ केला असं सांगतात. आज युरोपात हे बरंच सैल झालंय, आणि त्यात ख्रिश्चन ग्राउगार्ट या डॅनिश माणसाचा वाटा मोठा आहे. 2011 मध्ये तो अकॅडमी-अकॅडमीत सराव करत जगभर फिरला आणि त्यातून 'बीजेजे ग्लोबट्रॉटर्स' उभं राहिलं: कुणाबरोबरही सराव करा, संलग्नतेची फी नाही, गीवर कुठला बिल्ला लावायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. पण सैल झालंय म्हणजे विचारायची गरज उरली नाही, असं नाही. ग्राउगार्टसुद्धा आधी कळवूनच जात असणार.

हिवाळ्यात हा घोळ जास्त महागात पडतो. साधारण 24 डिसेंबर ते 1 जानेवारी या काळात बऱ्याच अकॅडम्या नेहमीचे क्लास बंद ठेवतात आणि मध्येच दोन-तीन ओपन मॅट ठेवतात. म्हणजे एकटं फिरणाऱ्या माणसाला ज्या आठवड्यात कंपनीची सगळ्यात जास्त गरज, त्याच आठवड्यात ड्रॉप-इन गायब आणि पाटीवर फक्त ओपन मॅट. बर्लिनला तेव्हा चारच्या आधी सूर्य मावळतो. हॉस्टेलमध्ये नूडल्स करून खाल्ल्या तरी रात्र उरतेच. अशा वेळी वेळापत्रकात 'ओपन' दिसलं की माणूस पळतच सुटतो.

मीही सुटले होते. लाइपझिग, 28 डिसेंबर, उणे चार. ट्राम बदलून, शेवटचं अंतर बर्फाच्या चिखलातून चालत जाऊन मी मागच्या अंगणातल्या एका लोखंडी दारापाशी पोचले. दाराला आकड्यांचं कुलूप, बेल नाही. आतून टायमरची शिट्टी ऐकू येत होती. कुणीतरी हसत होतं, मॅटवर कुणीतरी धपकन पडत होतं. एक मुलगा आला, आकडे दाबले, आत शिरला आणि माझ्या तोंडावर दार लागलं. उद्धटपणा नव्हता तो. त्याच्या हिशेबी मी कुणाची तरी वाट बघत उभी होते. वीस मिनिटांनी एक चाळिशीची बाई आली, हातात थर्मास, खांद्यावरच्या पिशवीतून तपकिरी पट्टा (काळ्याच्या आधीचा) लोंबतोय. तिनं विचारलं, मी सांगितलं. तिनं तिथेच कोचला फोन लावला आणि तीन प्रश्न माझ्यापर्यंत पोचवले: कुठली अकॅडमी, पट्टा कोणता, तुझ्या कोचला माहीत आहे का तू इथे आलीयेस. मग दार उघडलं. आत जाताना म्हणाली, "ही आमच्या घरातली वेळ आहे. आधी कळवलं असतंस तर मीच ट्रामपाशी आले असते." जे मी इथे दीड हजार शब्दांत सांगतेय, ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं.

कळवायचं म्हणजे निबंध लिहायचा नाही. नाव, पट्टा, किती वर्षं शिकताय, घरची अकॅडमी आणि कोच, कुठल्या दिवशी यायचंय, गी बरोबर आहे का, पाहुण्यांची फी किती. सहा ओळी. दोन दिवस आधी पाठवा, निघायच्या सकाळी नको. काही मोठ्या साखळ्यांमध्ये त्यांचाच गी लागतो, काही ठिकाणी फक्त पांढरा. हेही त्याच मेसेजमध्ये विचारून घ्या. इटली आणि फ्रान्समध्ये डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागू शकतात. आपल्या फॅमिली डॉक्टरांकडून एक इंग्रजी पत्र घेऊन ठेवलं तर अडत नाही. आणि जर्मनीत 'चाचणी क्लास' फुकट असतो म्हणून उद्या सकाळची गाडी असलेल्या प्रवाशानं तो घेणं मला साफ आवडत नाही. तो पुढे सभासद व्हायचा विचार करणाऱ्यांसाठी असतो. पैसे वाचवायचे तर कॉफीवर वाचवा.

आत शिरल्यावरचा एक फरक माझ्या बरगडीवर कोरला गेलाय. क्लासमध्ये वॉर्म-अप कोच घेतो. ओपन मॅटला तो कुणीच घेत नाही. लोक येतात, पट्टा बांधतात, टायमर वाजतो, सुरू. सभासद घरून सायकल मारत आलेले असतात आणि समोरच्याचा खेळ त्यांना पाठ असतो. तुम्ही उणे तापमानात ट्रामच्या थांब्यावर गोठून आलेले असता. क्राकोवमध्ये मी तशीच थंड अंगानं पहिल्या राउंडला बसले, सवयीनं जोरात वळले आणि बरगडीत कळ आली. दोष कुणाचाच नाही, माझाच. पुढचे सहा आठवडे शिंकताना देव आठवला. तेव्हापासून ओपन मॅटला मी वीस मिनिटं आधी पोचते, कोपऱ्यात स्वतःचा वॉर्म-अप उरकते आणि पहिला राउंड निम्म्याच जोरानं खेळायचा असं समोरच्याला आधीच सांगते. कुणी नाही म्हटलेलं नाही.

जोडीदार मिळवणं हेही वेगळंच प्रकरण. क्लासमध्ये कोच बोट दाखवतो, "तू हिच्याबरोबर". ओपन मॅटला कुणी बोट दाखवत नाही. विचारलं नाहीत तर भिंतीला टेकून टायमर बघत बसाल. लाजाळू माणसाला हे जड जातं, पण एकट्या फिरणाऱ्या बाईला यात सोयही आहे. मी आधी बसून दोन राउंड बघते. कोण टॅप (हार मानल्याची थाप) पडल्या क्षणी सोडतोय, कोण वजनाचा माज करतोय, हे पाच मिनिटांत कळतं. मग निवडते. नाही म्हणायची मोकळीक ओपन मॅटवर जास्त असते, क्लासमध्ये नाही म्हटलं की सगळ्यांच्या माना वळतात. जुन्या वळणाच्या अकॅडम्यांत मात्र खालच्या पट्ट्यानं वरच्याला विचारायचं नसतं. तिथे नजरानजर होईपर्यंत थांबा.

आणि जानेवारीत सांभाळून. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू महासंघाची युरोपियन स्पर्धा त्याच महिन्यात असते. बरीच वर्षं ती लिस्बनला भरायची, 2023 आणि 2024 ला पॅरिसला झाली, 2025 ला पुन्हा लिस्बनला. तिच्या आधीच्या पंधरवड्यात ओपन मॅटवर निम्मे लोक स्पर्धेच्या तयारीत असतात आणि अनोळखी पाहुणा म्हणजे त्यांना आयता नवा कोरा जोडीदार. अशा वेळी ड्रॉप-इन घेतलेला बरा. तिथे कोचची नजर असते.

विम्याचं दोन ओळींत. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय कवच लागतं, ते तुम्ही घेतलेलं असणारच. पण कुस्तीसारखे खेळ त्यातून वगळलेत का, हे पॉलिसीत शोधून वाचा. क्लास असो की ओपन मॅट, क्लबचा विमा सभासदांसाठी असतो, पाहुणा त्यात असेलच असं नाही.

ओल्या गीचं सगळेच विचारतात, म्हणून सांगते. हॉस्टेलच्या रेडिएटरवर तो रात्रीत वाळत नाही, बाल्कनीत टाकला तर पत्रा होतो. मी एकच हलका गी नेते आणि एक दिवस गी, एक दिवस नो-गी असं आखते. ओलसर गी दुसऱ्यांदा चढवू नका. गजकर्ण झालं तर पुढच्या कुठल्याच मॅटवर तुम्हाला घेणार नाहीत, आणि घेऊही नये.

माझी पसंती विचाराल तर नव्या शहरात पहिल्या दिवशी ड्रॉप-इन. पैसे जातात, पण कोच तुम्हाला ओळखतो, चार जणांशी बोलणं होतं, आणि निघताना "रविवारी ओपन मॅट आहे, येऊ का?" हे समोरासमोर विचारता येतं. नाताळच्या आठवड्यात क्लासच नसतो, तेव्हा त्या सहा ओळी.

शेवटी एक. ड्रॉप-इन संपलं की आंघोळ करून निघालात तरी कुणी काही म्हणत नाही, तुम्ही पैसे भरलेत. ओपन मॅटनंतर मात्र कुणीतरी कपाटातून मॉप काढतं, बादलीत जंतुनाशक ओततं आणि सगळे मिळून मॅट पुसतात. लाइपझिगला मी बूट घालायच्या आधी दुसरा मॉप उचलला. तपकिरी पट्टेवाल्या बाईनं थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे केला आणि दाराचे आकडे माझ्या हातावर पेननं लिहून दिले. परवा, 30 तारखेला, पुन्हा अकरा वाजता.