हरताळ, काकपद आणि मुद्राराक्षस : आपलंच लिहिलेलं परत वाचण्याची पार्श्वभूमी

नागपूरच्या झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघात एखादं पुस्तक प्रकाशन असलं, की खरा कार्यक्रम तो आटोपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर सुरू होतो. मागच्या उन्हाळ्यात तिथे मी एक प्रश्न टाकून पाहिला : "तुमचं जुनं पुस्तक तुम्ही परत वाचता का हो?" एक ज्येष्ठ कवी म्हणाले, "काऊन बाप्पा? दुसरं काही वाचायला उरलं नाही का?" एका कथालेखिका बाईंनी जरा विचार करून सांगितलं, "वाचते. पण दार लावून." तिसरे गृहस्थ नुसतेच हसले आणि दुसरा चहा सांगायला गेले.

प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. माझ्या एका जुन्या कथेचा दिवाळी अंक माळ्यावरून खाली काढून ठेवला होता आणि आठवडाभर त्याला हात लावायची हिंमत होत नव्हती. ही भीती, ही लाज आपल्या स्वभावातली आहे असंच आपण धरून चालतो. थोडं मागे जाऊन पाहिलं तर तसं दिसत नाही. लिहिलेलं ज्या वस्तूवर असतं ती वस्तू बदलत गेली, तशी परत वाचण्याची भावनाही बदलत गेली.

सुरुवात राजशेखरापासून करायला हवी, आणि त्यात थोडा वैदर्भी अभिमानही आहे. हा इसवी सन 900च्या आसपासचा संस्कृत कवी आणि काव्यशास्त्रकार. कनौजच्या प्रतिहारांच्या दरबारात होता, पण त्याच्या यायावर घराण्यातल्या पूर्वजाला 'महाराष्ट्रचूडामणी' म्हटलेलं आहे. त्याच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशीमला. लग्न आमच्याकडे लागलं हे इथल्या भाषणांत हमखास येतं. त्याच ग्रंथात कवीचं दिवसाचं वेळापत्रक आहे, ते मात्र फारसं कोणी सांगत नाही.

पहिला प्रहर अभ्यासाचा, दुसरा लिहिण्याचा, तिसरा जेवणानंतरच्या काव्यगोष्टीचा. चौथ्या प्रहरात कवीनं एकट्यानं किंवा मोजक्या माणसांत बसून सकाळी लिहिलेलं तपासायचं. कारण तो साफ सांगतो : रसाच्या भरात लिहिणाऱ्याची विवेकाची नजर चालत नाही, म्हणून मागाहून परीक्षा करावी. आणि परीक्षा म्हणजे काय, तर जास्त झालेलं टाकायचं, कमी पडलेलं भरायचं, चुकीच्या जागी बसलेलं हलवायचं आणि विसरलेलं आठवून परत आणायचं. अकराशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य आजच्या कुठल्याही संपादकाच्या टेबलावर चालून जाईल. (नागपूरच्या मे महिन्यात चौथ्या प्रहरी कोणाचीच विवेकाची नजर चालत नाही, ही गोष्ट वेगळी. कनौजलाही ऊन कमी नसावं.)

हाच माणूस पुढे बजावतो, की अर्धवट लिहिलेलं कुणाला वाचून दाखवू नये, ते अर्धंच राहतं. स्वतःच्या कृतीला फार मानू नये, कारण पक्षपात गुणदोषांची अदलाबदल करतो. त्याची बायको अवंतिसुंदरी जाणकार होती आणि तिची मतं तो नावानिशी देतो, त्याच्याहून वेगळी असली तरी. पहिला वाचक घरात असणं ही गोष्टही जुनीच म्हणायची.

त्याच्या आधीच्या वामन या काव्यशास्त्रकारानं तर या कामाला नाव देऊन ठेवलं होतं : अवेक्षण. शब्द ठेवायचा, उचलायचा, मन डोलत आहे तोवर हे करत राहायचं आणि शब्द जागी स्थिर झाला की थांबायचं. या सगळ्यात लाजेचा उल्लेख कुठे येत नाही, याचं मला नवल वाटतं. सुपात घेऊन धान्य पाखडावं तसं हे रोजचं काम. फोलकट निघालं म्हणून कोणी शेतकरी खजील होत नाही.

काम रोजचं होतं याची खूण पोथ्यांवरही आहे. चुकलेल्या अक्षरावर हरताळ नावाच्या खनिजाचा पिवळा लेप द्यायचा, तो वाळला की त्यावर नवं अक्षर लिहायचं. सुटलेला शब्द समासात लिहून ओळीत कावळ्याच्या पावलासारखी खूण करायची, ते काकपद. 'तत्त्वांना हरताळ फासला' असं आपण आज म्हणतो, तो हाच पिवळा हरताळ. (बाजारपेठ बंद ठेवतात तो हरताळ निराळा, त्याचा या लेपाशी संबंध नाही.) मूळ हरताळ चूक झाकून दुरुस्तीला जागा करून देत होता. वाक्प्रचारात मात्र त्याचं नुसतं पुसून टाकणं उरलं. दुरुस्तीचं साधन बदनाम कसं होतं, त्याचा हा बरा नमुना आहे.

पोथीच्या शेवटी नकलाकार एक श्लोक लिहून हात झटकायचा : 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया. यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते.' जसं पाहिलं तसं उतरवलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझ्या माथी नको. असा जामीन नकलाकाराला मिळायचा. कर्त्याला तो नव्हता, पण त्याला त्याची गरजही थोडी होती. मजकूर शंभर हातांतून आणि हजार तोंडांतून फिरत असे. कुठली चूक आपली आणि कुठली मागून घुसलेली, हे कोणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच भागातलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा केल्या. ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन विचारायचं, लिहायचं, आणि नागदेवाचार्यांना दाखवून पक्कं करायचं, अशी त्यांची पद्धत. परंपरा सांगते की पुढे धाडीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ग्रंथ परत उभा केला. ज्याला जसं आठवलं तसा पाठ झाला. सहा-सातशे वर्षांनी नागपुरात संशोधक वि. भि. कोलते या पाठांच्या हस्तलिखितांशी झुंजत बसले आणि त्यांची 'लीळाचरित्रा'ची आवृत्ती 1978 साली छापून आली. म्हाइंभटांना आपलंच पुस्तक परत वाचायचं झालं असतं तर त्यांनी कुठली प्रत हातात घेतली असती, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मग छापखाना आला आणि खेळच बदलला.

मराठी कादंबरी वयात आली ती मासिकं-साप्ताहिकांच्या पानांवर. 1890 साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून हप्त्याहप्त्यानं आली. असं लिहिणाऱ्याची पंचाईत लक्षात घ्या. शेवटचं प्रकरण लिहिताना पहिलं वाचकांच्या घरात जाऊन पडलेलं असतं. राजशेखराचा चौथा प्रहर उजाडायच्या आधीच सकाळचा मजकूर गावभर झालेला. तिकडे केशवसुतांची उलटीच गत : ते 1905 साली हुबळीला प्लेगनं गेले आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं ते पुढच्या दशकात. आपलं छापील पुस्तक उघडून 'हे मी लिहिलं?' म्हणण्याची वेळच त्यांच्यावर आली नाही.

छापण्याबरोबर प्रूफ आलं. प्रूफ वाचणं म्हणजे स्वतःचं लिखाण परत वाचण्याची सक्ती, तीही शाई ओली असताना. आणि लेखकाइतका वाईट मुद्रितशोधक दुसरा नाही, कारण तो डोळ्यांनी वाचतच नाही, आठवणीनं वाचतो. खिळे जुळवण्याच्या काळात म्हणून दोघं बसायचे : एक हस्तलिखित मोठ्यानं वाचायचा, दुसरा प्रुफावर डोळे ठेवायचा. तरीही राहिलेल्या चुकांचं खापर फोडायला मराठीनं खास राक्षस पाळला, मुद्राराक्षस. जुन्या नाटकाचं नाव छापखान्याच्या भुताला चिकटवणारा कोण होता कुणास ठाऊक, पण माणूस मिश्कील असणार. शेवटी शुद्धिपत्र चिकटवायचं आणि वाचकानं ते बघू नये अशी आशा करायची.

माझ्या त्या कथेत मी लिहिलं होतं, 'आजीने देवापुढे दिवा लावला.' छापून आलं : 'आजीने देवापुढे दावा लावला.' एक वेलांटी गेली, एक काना आला, आणि आजी थेट कोर्टात पोहोचली. आमच्या घरी तेव्हा शेतीच्या बांधावरून भाऊबंदकी चालली होती. काकांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "हे एक खरं लिहिलं पोट्ट्यानं." मी दोन दिवस खोलीबाहेर आलो नाही. हरताळाची डबी असती तर अंकाच्या प्रत्येक प्रतीवर फासत गावभर फिरलो असतो. पोथीवरची चूक एका प्रतीत असते, छापलेली हजार घरांत. परत वाचायची लाज मला वाटतं इथे जन्माला आली.

खोडलेल्याचं काय करायचं, यावर रवींद्रनाथांनी एक सुंदर तोड काढली होती. 1924च्या सुमाराच्या 'पूरबी' या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द जोडत जोडत त्यांनी त्यांचे पक्षी, प्राणी, आकार केले आणि त्या खाडाखोडीतून पुढचा चित्रकार आकाराला आला. हे सगळ्यांना जमत नाही. आमच्या नागपुरात राहून गेलेल्या एका कवीला तर मुळीच जमलं नाही.

गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, लिहायची हिंदी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत आणि इथेच प्राध्यापक होते. गजानन माधव 1948 ते 1958 अशी दहा वर्षं नागपुरात काढून राजनांदगावला गेले. आधी सरकारी माहिती खातं, मग आकाशवाणी, मग 'नया खून' साप्ताहिक, ओढगस्तीचा संसार. याच वर्षांत त्यांच्या कविता लांबत गेल्या. परत वाचायच्या, परत लिहायच्या. 'अँधेरे में' 1957च्या सुमारास हाती घेतली ती 1962पर्यंत चालू राहिली.

त्यांच्या 'ब्रह्मराक्षस' कवितेत ओसाड बावडीत एक विद्वान भूत राहतं आणि अंगावरचा मळ जावा म्हणून रात्रंदिवस स्वतःला घासत बसतं. मळ काही जात नाही. टीकाकार त्यात बुद्धिवंताची शोकांतिका पाहतात, ते बरोबरच आहे. पण दहाव्यांदा खर्डा काढून बसलेल्या माणसाला ती घासघूस वेगळीच ओळखीची वाटते. 'एक साहित्यिक की डायरी'मध्ये त्यांनी कलेचे तीन क्षण मांडले. पहिला उत्कट अनुभवाचा. दुसऱ्यात तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि फँटसी होऊन डोळ्यांसमोर उभा राहतो. तिसरा, ती शब्दांत उतरवण्याचा. या तिसऱ्या क्षणी शब्द आपलं ओझं आणतात आणि मूळ फँटसीच बदलून जाते. म्हणजे परत वाचताना ज्याच्याशी ताडून पाहायचं, ते मूळच जाग्यावर राहिलेलं नसतं. अवेक्षण सांगणाऱ्या वामनाला ही अडचण दिसली नव्हती. त्याच्या लेखी मन डोलायचं, तराजू स्थिर होता.

सात हिंदी कवींचा संग्रह 'तार सप्तक' 1943 साली आला, त्या सातांत मुक्तिबोध होते. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा कवींनी 'पुनश्च' या मथळ्याखाली आपल्याच जुन्या भूमिकेकडे मागे वळून पाहिलं. ही रीत मला फार आवडते : जुनं खोडायचं नाही, शेजारी नवं ठेवायचं. पण मुक्तिबोधांचा स्वतःचा संग्रह 'चाँद का मुँह टेढ़ा है' मित्रांनी सिद्ध केला तो ते दिल्लीच्या इस्पितळात असताना. 11 सप्टेंबर 1964 रोजी ते गेले. 'अँधेरे में' त्यानंतर, नोव्हेंबरच्या 'कल्पना' मासिकात छापून आली.

परत वाचण्याचा आणखी एक मार्ग नाटककाराचा. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' 1985चं. पुढे त्यांनी त्याच धरणगावकर देशपांड्यांच्या घरात परत शिरून 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लिहिली, आणि 1994 साली तिन्ही नाटकं सलग आठेक तास रंगमंचावर झाली. मधल्या काळात 'आत्मकथा'ही आली, जिच्यात म्हातारा लेखक आपलं आयुष्य तरुण अभ्यासक मुलीला सांगत असतो आणि जुन्या लिखाणानं काय झाकलं होतं ते हळूहळू उघडं पडतं. दार लावून वाचणाऱ्या बाईंना मी हे नाटक सुचवलं. त्या म्हणाल्या, "पाहिलंय. म्हणूनच दार लावते."

संगणक आणि मोबाइलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आता काहीच छापून पक्कं होत नाही, मध्यरात्री शब्द बदलला तरी कुणाला कळत नाही, काकपद उमटत नाही, हरताळाचा पिवळा डागही राहत नाही. खर्डे उरत नसल्यानं पुढच्या कोलत्यांना मात्र काम राहणार नाही.

माझी ती कथा एका निवडक संग्रहात घ्यायची म्हणून परत मागितली होती, त्यासाठीच तो अंक माळ्यावरून काढला होता. अखेर एका दुपारी चारच्या सुमारास कूलरमध्ये पाणी टाकलं, खसाची ताटी ओली केली आणि पेन्सिल घेऊन बसलो. पहिल्या पानावरची तीन विशेषणं उडवली. दुसऱ्या पानावर एक संबंध परिच्छेद गेला, नदीचं वर्णन होतं, ती नदी मी पाहिलेलीसुद्धा नव्हती. एक सुटलेला संवाद आठवला, तो समासात लिहिला. मग आजी आली. देवापुढे दावा लावून बसली होती, इतकी वर्षं. काका आता नाहीत. बांधाचा निकालही कधीचाच लागून गेला, आमच्या विरुद्ध. 'दावा'वर काट मारून वर 'दिवा' लिहिलं. थोडा वेळ बघत राहिलो. मग खोडरबर शोधायला उठलो.