एचडीबेसटी म्हणजे नेटवर्क नव्हे

कार्यालयातल्या मीटिंग रूमच्या टेबलाखाली किंवा प्रोजेक्टरच्या मागे डोकावून पाहिले, तर बहुतेक ठिकाणी एकाच जातीची केबल दिसते: पिळलेल्या तांब्याच्या तारांच्या चार जोड्या, वर निळे किंवा करडे आवरण आणि टोकाला आठ पिनांचा आरजे-४५ कनेक्टर. संगणक याच केबलने नेटवर्कला जोडलेला असतो, टेबलावरचा फोनही हिच्यावरच चालतो आणि लॅपटॉपवरचे चित्र भिंतीवरच्या स्क्रीनपर्यंत पोहोचवायलाही आता हीच केबल ओढली जाते. केबल एकच असल्यामुळे तिच्यातून वाहणारी गोष्टही एकच असणार, असा समज सहज होतो. त्यातूनच एचडीबेसटी (चित्र आणि आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थेट केबलवरून नेणारी) आणि एव्ही ओव्हर आयपी (तेच नेटवर्कमधून नेणारी) या दोन अगदी वेगळ्या पद्धती एकमेकींच्या जागी धरल्या जातात, कधी टेंडरमध्ये, कधी ड्रॉइंगवर, तर कधी थेट रॅकसमोर उभे राहून.

पुण्यातल्या एका कार्यालयाच्या कामात मी हे जवळून पाहिले आहे. प्रशिक्षण कक्षाच्या टेबलाखालच्या ट्रान्समीटरमधून निघालेली केबल छतातून प्रोजेक्टरकडे जायची होती. पण इमारतीतल्या सर्व केबली सर्व्हर रूममध्ये आणायच्या, या ठरलेल्या शिस्तीप्रमाणे तीही पॅच पॅनलवर, म्हणजे केबलींची टोके एकत्र आणणाऱ्या फळीवर, आली आणि तिथून नेटवर्कची उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या स्विचमध्ये लावली गेली. प्रोजेक्टरकडची केबलही त्याच स्विचमध्ये लागली. पोर्टवरचा दिवा लागला, त्यामुळे जोडणी बरोबर आहे असेच सर्वांना वाटले. चित्र मात्र आले नाही. अर्धा दिवस ट्रान्समीटर, प्रोजेक्टर आणि लॅपटॉप बदलून पाहण्यात गेला. शेवटी दोन्ही केबली स्विचमधून काढून पॅच पॅनलवरच एकमेकींना जोडल्या आणि पडदा उजळला. त्या दिवशी चूक कोणाच्याही कौशल्याची नव्हती, एका शब्दाच्या अर्थाची होती. ट्रान्समीटरवर लिहिलेल्या ‘कॅट ६’ या केबलच्या दर्जाच्या नावाचा अर्थ नेटवर्कच्या माणसाने ‘नेटवर्क’ असा घेतला होता.

एचडीबेसटी ही पद्धत पुढे आणणाऱ्या संघटनेची स्थापना २०१० मध्ये एलजी, सॅमसंग, सोनी पिक्चर्स आणि व्हॅलेन्स या कंपन्यांनी केली. व्हॅलेन्स ही इस्रायलमधली चिप बनवणारी कंपनी असून या पद्धतीचा गाभा तिचाच आहे. एचडीएमआय केबल काही मीटरच्या पुढे नेली की कटकट सुरू होते, तिचे टोक जागेवर बसवता येत नाही आणि भिंतीतल्या पाइपातून ती ओढणे त्रासाचे असते. त्यावरचा उपाय म्हणून चित्र, आवाज, १०० मेगाबिटचे इथरनेट, उपकरणे चालू-बंद करण्याचे नियंत्रण संकेत आणि वीज या पाच गोष्टी एकाच साध्या केबलवरून १०० मीटरपर्यंत नेण्याची सोय एचडीबेसटीने केली. वीज १०० वॉटपर्यंत देता येते. २०१३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत यूएसबी २.० ची भर पडली आणि तिसऱ्या आवृत्तीने ६० हर्ट्झचे ४के चित्र न दाबता, म्हणजे त्यातली माहिती कमी न करता, नेण्याची क्षमता दिली. प्रत्येक उपकरणाला १०० मीटर जमतातच असे मात्र नाही. स्वस्त वर्गातली उपकरणे फुल एचडीसाठी ७० मीटर आणि ४के साठी ४० मीटर एवढ्यावरच थांबतात, त्यामुळे खरेदीच्या वेळी हा आकडा पाहणे भाग आहे.

या यादीत इथरनेटचे नाव आले म्हणून एचडीबेसटी स्वतः इथरनेट ठरत नाही, आणि गोंधळाचे मूळ नेमके इथे आहे. गिगाबिट इथरनेटमध्ये तारेच्या प्रत्येक जोडीवरून सेकंदाला साडेबारा कोटी संकेत जातात आणि प्रत्येक संकेत विद्युतदाबाच्या पाच पायऱ्यांपैकी एका पायरीवर असतो. एचडीबेसटीच्या मूळ रचनेत त्याच जोडीवरून सेकंदाला ५० कोटी संकेत जातात आणि पायऱ्या १६ असतात. म्हणजे एका संकेतात चार बिट मावतात, चार जोड्या मिळून सेकंदाला आठ गिगाबिट होतात. नेटवर्कचा स्विच येणाऱ्या पाकिटावरचा, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावरचा, पत्ता वाचून ते योग्य पोर्टकडे पाठवतो; एचडीबेसटीच्या या प्रवाहात त्याला वाचता येईल असा पत्ताच नसतो. काही उपकरणे समोर एचडीबेसटीचा जोडीदार सापडला नाही, तर साध्या इथरनेटवर उतरतात. स्विचवरचा दिवा लागण्याचे आणि तरीही चित्र न येण्याचे कारण अनेकदा हेच असते.

संकेतांच्या याच हिशेबातून आणखी एक गोष्ट उलगडते, आणि ती नेटवर्कच्या माणसांना पटवून देणे मला नेहमी महत्त्वाचे वाटत आले आहे. केबलवाल्याने परीक्षण यंत्र लावून ‘पास’ असा कागद दिला, संगणकाला पूर्ण वेग मिळाला, आणि तरी त्याच केबलवरून आलेल्या चित्रात पांढरे ठिपके चमकतात किंवा स्क्रीन काही क्षण काळी पडून पुन्हा येते, असा अनुभव अनेकांना येतो. फाइल पाठवताना एखादे पाकीट वाटेत हरवले, तर ते गुपचूप पुन्हा मागवले जाते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. चालत्या चित्राला अशी सवड नसते. शिवाय १६ पायऱ्यांतले अंतर पाच पायऱ्यांतल्या अंतरापेक्षा बरेच कमी असल्यामुळे शेजारच्या केबलींचा उपद्रव, घट्ट वळण, विजेच्या तारांची जवळीक आणि मधले प्रत्येक पॅच पॅनल यांचा परिणाम तिथे लवकर दिसतो. म्हणून एचडीबेसटीसाठी आवरणाखाली शील्ड (बाहेरचा उपद्रव अडवणारा धातूचा थर) असलेली, भरीव तांब्याची कॅट ६ए केबल घ्यावी, ती शक्यतो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड ओढावी आणि दहावीस केबलींची घट्ट मोळी बांधू नये. केबलींची मोळी नीटनेटकी दिसते हे खरे, पण इथे तो नीटनेटकेपणा महागात पडतो.

एव्ही ओव्हर आयपीची रीत मुळातच निराळी आहे. इथे लॅपटॉपजवळचा एन्कोडर चित्राचे आणि आवाजाचे खऱ्या अर्थाने नेटवर्कच्या पाकिटांत रूपांतर करतो, ती पाकिटे स्विचमधून इतर पाकिटांसारखीच प्रवास करतात आणि स्क्रीनजवळचा डिकोडर त्यांतून पुन्हा चित्र उभे करतो. पाकिटावर पत्ता असल्यामुळे एका एन्कोडरचे चित्र एका स्क्रीनवर दाखवायचे की चाळीस, हा प्रश्न केबलींचा उरत नाही. शंभर मीटरची मर्यादा प्रत्येक तांब्याच्या टप्प्याला असतेच, पण स्विचपुढे फायबर जोडला की दुसऱ्या मजल्यावरचे किंवा दुसऱ्या इमारतीतले सभागृहही आवाक्यात येते. एचडीबेसटीने हेच करायचे झाले, तर मध्ये कोणतेही इनपुट कोणत्याही आउटपुटला जोडणारे मॅट्रिक्स नावाचे उपकरण लागते. मॅट्रिक्सला आठ इनपुट आणि आठ आउटपुट असतील, तर नवव्या स्क्रीनसाठी मोठे मॅट्रिक्स घ्यावे लागते.

एव्ही ओव्हर आयपी हे एका तंत्राचे नाव नसून अनेक तंत्रांच्या कुटुंबाचे नाव आहे, आणि त्या कुटुंबातल्या सदस्यांचे आपसात पटत नाही. एका पद्धतीच्या एन्कोडरचे चित्र दुसऱ्या पद्धतीच्या डिकोडरला सहसा कळत नाही. त्यांच्यातला मुख्य फरक चित्र किती दाबायचे यात आहे. ६० हर्ट्झच्या ४के चित्राचा हिशेब केला, तर ३८४० गुणिले २१६० बिंदू, प्रत्येक बिंदूला २४ बिट आणि सेकंदाला ६० चौकटी असे मिळून सुमारे १२ गिगाबिट होतात. फुल एचडीलाही याच हिशेबाने सुमारे तीन गिगाबिट लागतात. कार्यालयातल्या बहुतेक पोर्टांचा वेग एक गिगाबिट असतो. एसडीव्हीओईसारखी पद्धत दहा गिगाबिटचे नेटवर्क मागते आणि चित्र जवळजवळ जसेच्या तसे नेते. जेपेग २००० च्या घराण्यातल्या पद्धती ४के चित्र एका गिगाबिटच्या आत बसवतात आणि डोळ्यांना फरक जाणवू देत नाहीत. एच.२६४ या चित्र खूप दाबणाऱ्या पद्धतीमुळे हाच प्रवाह काही मेगाबिटांवर येतो, पण दाबण्याला आणि उलगडण्याला वेळ लागतो. एचडीबेसटीत हा विलंब मायक्रोसेकंदांत मोजावा इतका थोडा असतो. ६० हर्ट्झच्या चित्राची एक चौकट १६.७ मिलिसेकंदांची असते, आणि अशा सहासात चौकटींचा उशीर झाला की लॅपटॉपवर बोट फिरवणाऱ्याला समोरच्या स्क्रीनवरचा माउस मागे राहिलेला दिसतो. कॅन्टीनमधल्या स्क्रीनवर सूचना दाखवायला हा विलंब चालतो; संचालकांसमोर तक्त्यातले आकडे बदलून दाखवणाऱ्याला चालत नाही.

एव्ही ओव्हर आयपीचा खरा भार मात्र नेटवर्कच्या रचनेवर पडतो. एका एन्कोडरचे चित्र अनेकांना पाठवण्यासाठी मल्टिकास्ट वापरतात. कोणत्या पोर्टला कोणता प्रवाह हवा आहे, हे स्विचला कळावे म्हणून आयजीएमपी स्नूपिंग चालू असावे लागते आणि नेटवर्कमध्ये कोणीतरी ठरावीक काळाने ‘हा प्रवाह अजून कोणाला हवा आहे’ असे विचारत राहावे लागते. हे काम करणाऱ्या क्वेरिअरचा विसर पडला, तर व्यवस्था काही मिनिटे उत्तम चालते आणि मग चित्रे एकाएकी गायब होतात. स्नूपिंगच नसेल, तर स्विच तो प्रवाह प्रत्येक पोर्टमध्ये ओततो. त्याच व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या त्याच वेगळ्या काढलेल्या भागात) वायफायचे अॅक्सेस पॉइंट असतील तर तेही या पुरात गुदमरतात, आणि मजल्यावरची सगळी माणसे ‘इंटरनेट बंद आहे’ अशी तक्रार घेऊन येतात. दुसरा घोटाळा दोन स्विचमधल्या दुव्याचा असतो. मजल्यावरचा स्विच मुख्य स्विचला एक गिगाबिटच्या दुव्याने जोडला असेल आणि प्रत्येक प्रवाह ८५० मेगाबिटचा असेल, तर त्या मजल्यावरून एका वेळी एकच चित्र बाहेर जाऊ शकते. ड्रॉइंगवर मात्र दहा एन्कोडर सुखाने बसलेले दिसतात. हा हिशेब केबल ओढण्यापूर्वी कागदावर मांडला, तर दहा मिनिटांत होतो.

आवाजाच्या बाबतीत हा प्रवास आधीच होऊन गेला आहे. सिडनीच्या ऑडिनेट या कंपनीने विकसित केलेली डान्टे ही पद्धत मोठ्या बैठक कक्षांमध्ये आता नित्याची झाली आहे, आणि ती निःसंशय नेटवर्कच्या बाजूची आहे. तिला नेटवर्कवर जागा फार लागत नाही, पण सर्व उपकरणांची घड्याळे काटेकोर जुळलेली लागतात. म्हणून घड्याळाच्या पाकिटांना स्विचमध्ये सर्वांत वरचे प्राधान्य द्यावे लागते आणि वीज वाचवण्यासाठी पोर्टला झोपवणारी इथरनेटची सोय बंद ठेवावी लागते. एचडीबेसटीवरून जाणारा आवाज मात्र चित्राच्या सोबतीने एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जातो आणि त्याला यातले काहीही लागत नाही.

सुरक्षेच्या बाजूने पाहिले, तर एन्कोडर आणि डिकोडर हे नेटवर्कवरचे संगणकच असतात. त्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड बदलावे लागतात, फर्मवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे लागते आणि ८०२.१एक्सने प्रवेश तपासणाऱ्या कंपनीत ती उपकरणे ही तपासणी पार करू शकतात का, हे खरेदीपूर्वीच विचारावे लागते. एचडीबेसटीचे डबे या पाहणीतून सुटतात, आणि बहुतेक वेळा ते योग्यही असते. पण त्यांच्यातले इथरनेट विसरून चालत नाही. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर या दोघांच्याही लॅन पोर्टमध्ये भिंतीवरून नेटवर्कची केबल जोडली, तर एचडीबेसटीची जोडणी त्या दोन केबलींमधला पूल बनते, नेटवर्कमध्ये वेटोळे तयार होते आणि त्यावर उपाय केलेला नसेल तर पाकिटे गोल गोल फिरत राहून सारा मजला ठप्प होतो. नेटवर्कची केबल एकाच टोकाला लावावी. शिवाय टेबलावरचा तो लॅन पोर्ट बाहेरून आलेल्या पाहुण्याच्याही हाताशी असतो, हे सुरक्षेच्या माणसाला सांगून ठेवावे.

माझे मत विचाराल, तर सहा-आठ माणसांच्या खोलीत एक टेबल आणि एक स्क्रीन एवढेच असेल, तर एचडीबेसटीच घ्यावे. तिथे स्विचची मांडणी करण्याचे प्रयोजन नाही, विलंब नाही आणि बिघाड शोधायचा झाला तर पाहायची ठिकाणे तीनच: हे टोक, ते टोक आणि मधली केबल. फक्त खोलीतला व्हिडिओ कॉलचा कॅमेरा यूएसबी ३ मागतो का, ते आधी पाहावे, कारण बहुतेक एचडीबेसटी उपकरणांवरून फार तर यूएसबी २.० च जाते. दोनतीन कक्षांच्या सरकत्या भिंती काढून एक मोठे सभागृह करायचे असेल, गर्दी झाल्यावर शेजारच्या खोलीत तेच भाषण दाखवायचे असेल किंवा वर्षभरात स्क्रीन वाढणार असतील, तर एव्ही ओव्हर आयपीला पर्याय नाही. पण तेव्हा नेटवर्क विभागाचा माणूस फॉल्स सीलिंग बंद होण्याच्या आदल्या दिवशी न बोलावता, पहिल्या ड्रॉइंगच्या वेळीच टेबलाशी बसलेला असावा. अनेक कार्यालयांत दोन्ही पद्धती एकत्र नांदतात. खोलीच्या आत एचडीबेसटी असते, खोल्याखोल्यांमध्ये आयपी. अशा ठिकाणी दोन्हींच्या केबली वेगळ्या रंगाच्या घ्याव्यात. पॅच पॅनलवर एचडीबेसटीच्या जागा एका बाजूला काढून त्यांवर ‘स्विचला जोडू नये’ अशी पट्टी चिकटवावी. आणि टेंडरमध्ये ‘कॅट ६ केबल, नग अमुक’ अशी एकच ओळ न लिहिता नेटवर्कच्या केबलीची एक आणि एचडीबेसटीच्या केबलीची दुसरी, अशा दोन ओळी लिहाव्यात, आणि दुसऱ्या ओळीत केबल अखंड व शील्ड असलेली हवी हे स्पष्ट नोंदवावे.