एनजीएफ आणि मोटर न्यूरॉन: नावावर जाऊ नका

ठाण्यात नौपाड्याला माझ्याकडे फिजिओथेरपीची मुलं शिकायला येतात आणि दरवर्षी निम्म्या वह्यांत तेच वाक्य असतं, "एनजीएफ मोटर न्यूरॉनला जगवतं". का, तर म्हणे एनजीएफ म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, नावातच नर्व्ह आहे ना सर! पण ते वाक्य चूक आहे.

मोटर न्यूरॉन तुम्हाला माहितीये, पेशी स्पायनल कॉर्डमध्ये आणि तिची तार थेट स्नायूपर्यंत, पायाकडे जाणारी तर मीटरभर लांब. एनजीएफ काय, त्याच्यासारखे दुसरे ग्रोथ फॅक्टर बीडीएनएफ-जीडीएनएफ काय, सगळी नर्व्हच्या पेशींना जगवणारी प्रोटीनंच, तारेच्या टोकाशी उचलली जातात आणि उलटी पेशीकडे जातात. इथवर सगळं सारखंच, पुढे चला.

गोची होते रिसेप्टरपाशी, म्हणजे फॅक्टर पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रोटीनपाशी. फॅक्टर बाहेर कितीही असू दे, पेशीवर त्याचा रिसेप्टर नसेल तर काही उपयोग नाही. एनजीएफचा खरा रिसेप्टर ट्रॅक-ए (इंग्रजीत TrkA लिहितात, पण ट्रॅकच म्हणायचं, ट्रक घोडबंदरला भरपूर आहेत), तो असतो वेदनेच्या सेन्सरी, म्हणजे संवेदना नेणाऱ्या पेशींवर आणि सिंपथेटिक, म्हणजे हृदय-रक्तवाहिन्या आपोआप चालवणाऱ्या नर्व्हच्या पेशींवर. धडधाकट मोटर न्यूरॉनवर तो नसतोच. त्याच्यावर असतो ट्रॅक-बी, म्हणजे बीडीएनएफसाठी, आणि रेट, जो जोडीदार रिसेप्टरसोबत जीडीएनएफ पकडतो. मग एनजीएफचं असं नाव पडलं कसं? इटालियन शास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मोंताल्चिनींनी १९५०च्या दशकात कोंबडीच्या भ्रूणात उंदराच्या ट्यूमरचा तुकडा लावला, तर सेन्सरी आणि सिंपथेटिक तंतू सैरावैरा वाढले. तेव्हा असा दुसरा फॅक्टर कुणाला माहीतच नव्हता, म्हणून अख्ख्या नर्व्हचं नाव याला मिळालं. १९८६ला त्यांना आणि त्यांचे सहकारी स्टॅनली कोहेनना नोबेल मिळालं आणि नाव पक्कं झालं. जीडीएनएफचं पण तेच, नावात ग्लिया (नर्व्हच्या पेशींना आधार देणाऱ्या पेशी), १९९३ला सापडलं ते मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी जगवणारं म्हणून, आणि १९९४ला कळलं की मोटर न्यूरॉनसाठी हे जबरदस्त आहे, शिवाय स्नायू स्वतःच ते बनवतो. मला विचाराल तर मोटर न्यूरॉन म्हटलं की पहिलं नाव जीडीएनएफचंच यावं.

हुशार मुलं इथे अडवतात, "पण सर पी७५ या दुसऱ्या रिसेप्टरला एनजीएफ चिकटतं ना, आणि तो मोटर न्यूरॉनवर येतो". येतो, इजा झाल्यावर परत दिसतो. पण ट्रॅक-ए शेजारी नसताना एकटा पी७५ पेशीला मरणाकडे ढकलू शकतो, तसं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे जगवणं राहिलं बाजूला! आणि स्नायूत एनजीएफ टोचलं तर ताकद येत नाही, तो भाग दिवसच्या दिवस दुखरा राहतो.

अजून एक डोक्यात जाणारी गोष्ट. मेडिकलवाला बी१२ची गोळी "नसांचं टॉनिक" म्हणून देतो आणि लोक तिला ग्रोथ फॅक्टर समजतात. ते व्हिटॅमिन आहे हो. मुळात नस म्हणजे शीर की नर्व्ह हेच आपल्याकडे धड ठरलेलं नाही.

आणि बरोबर फॅक्टर निवडला की झालं औषध, असंही नाही. १९९०च्या दशकात एएलएसच्या (मोटर न्यूरॉन मरत जाण्याचा आजार) पेशंटना बीडीएनएफ कातडीखाली टोचून बघितलं, मोठ्या ट्रायलमध्ये फायदा काही सिद्ध झाला नाही.