चिंचोक्यांचं दान आणि सिकलसेल

चंग-अष्टा खेळायला चिंचोका फोडून त्याच्या दोन फाका करतात. एक बाजू पांढरी, दुसरी काळी. गडचिरोली-मेळघाटातल्या गावांत सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून मुलात येणारा रक्ताचा आजार, समजावून सांगायला याहून स्वस्त साधन मला तरी सुचत नाही.

एक फाक आईची, एक बापाची. दोघंही वाहक, म्हणजे रिपोर्टवर ‘एएस’. तब्येत सहसा ठणठणीत, पण दोघांकडेही हिमोग्लोबिनच्या जनुकाची एक प्रत चांगली आणि एक सिकलची. मुलाला प्रत्येकाकडून एकच प्रत मिळते. काळी बाजू सिकलची धरा अन् टाका दान. दोन्ही पांढऱ्या तर मूल ‘एए’, एकच काळी तर ‘एएस’, दोन्ही काळ्या तर ‘एसएस’, म्हणजे आजार.

‘एसएस व्हायची शक्यता चारात एक’ हे समुपदेशनात सांगतात, आणि ऐकणारा घरी जाऊन म्हणतो, “पहिलं एसएस झालं, आता पुढची तिन्ही बरी.” दानं टाकत राहिलं की लागोपाठ दोनदा दोन्ही काळ्या पडलेल्या दिसतातच. आधी काय पडलं याचा पुढच्या दानाशी संबंध नसतो. अशा जोडप्यांची चार-चार मुलांची शंभर घरं धरली, तर साधारण ३२ घरांत एकही एसएस नसेल; उरलेल्यांत कुठे एक, कुठे दोन-तीनही. (चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखाच पडतो असं नाही. हिशेब चोख हवा तर नाणी घ्या.) आणि सुनेच्या माहेराला बोल लावणाऱ्या सासूलाही दिसतं, की बापाची फाक काळी पडल्याशिवाय एसएस होतच नाही.

खेळाने औषधोपचारात फरक पडतो का? कॅन्सर झालेल्या किशोर आणि तरुण रुग्णांसाठी ‘री-मिशन’ हा व्हिडिओ गेम बनला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३ ते २९ वयाचे ३७५ रुग्ण होते. गेम खेळणाऱ्यांनी गोळ्या जास्त नेमाने घेतल्या, आजाराची माहितीही वाढली. मानसिक ताण मात्र कमी झाला नाही. म्हणजे खेळाचं काम ठरावीकच.

आश्रमशाळेत सापशिडी करायची तर शिड्या सोप्या आहेत: उन्हाळ्यात भरपूर पाणी, थंडीत स्वेटर, रोजची गोळी. सापांपाशी जपावं. सगळं पाळूनही एसएस मुलाचं अंग दुखून येतं. प्रत्येक सापावर ‘पाणी प्यायला नाहीस’ लिहिलं, तर पोरगं दुखणं लपवायला शिकेल. दोन साप बिनकारणाचे ठेवावेत, आणि त्यांच्या शेपटीशी एवढंच लिहावं: ‘सरांना सांग, दवाखान्यात जा.’