ब्रेक ऑइलही सादळतं

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी भाच्याचा फोन आला. "मामा, ब्रेक गेला होता. आणि मग आपोआप परत आला."

कर्जतच्या पुढे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर तो डर्ट बाइक घेऊन जातो. त्या दिवशी उतरताना मागच्या ब्रेकचं पेडल एकदम खाली गेलं, पायाखाली काही जोडलेलंच नाही असं. पुढचा ब्रेक शाबूत होता म्हणून निभावलं. खाली टपरीवर चहा-भजी होईपर्यंत वीसेक मिनिटं गेली, पुन्हा दाबून पाहिलं तर पेडल टणक. टपरीवाल्याचं निदान, ते वळणच वाईट आहे, तिथे नारळ फोडावा लागतो. गॅरेजवाल्याचं निदान, लाइनमध्ये हवा. बरोबरच्या मित्राचं निदान, मुंबईची हवा दमट, ब्रेक ऑइल पाणी पितं, तेव्हा डॉट ५ टाक ('डॉट' म्हणजे बाटलीवरचा, ब्रेक ऑइलचा प्रकार सांगणारा क्रमांक). ते पाणी पीत नाही, शिवाय नंबरही मोठा.

तिघांत मित्र खऱ्याच्या सगळ्यात जवळ पोचला होता, आणि सल्ला मात्र त्याचाच सगळ्यात महागात पडला असता.

मुळात 'ब्रेक ऑइल' हे तेल नव्हेच. सुरुवातीच्या काळात हायड्रॉलिक ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण घालत, पण ते एरंडाचं गुऱ्हाळ कधीच बंद पडलं. आजच्या बाटलीत ग्लायकॉल इथर नावाच्या कुळातली रसायनं असतात. सिलिंडरमधले रबरी सील त्यांना सोसतील अशा रबराचे केलेले असतात. तिथे खरंखुरं खनिज तेल घातलं तर हेच सील फुगतात आणि ब्रेक अडकतो किंवा गळतो. काही डर्ट बाइकच्या हायड्रॉलिक क्लचमध्ये मात्र खनिज तेलच लागतं, म्हणजे एकाच हँडलवर डावीकडे एक द्रव, उजवीकडे दुसरा. द्रवाच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय हात लावू नये.

आता तो गायब होऊन परत येणारा ब्रेक. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो, उतार ४०० मीटरचा. शाळेतलं एमजीएच (वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची) आठवा: जवळपास ७ लाख ८० हजार ज्यूल. एवढ्या उष्णतेत अडीच लिटर पाण्याला उकळी फुटते. त्यातली अर्धी इंजिनानं आणि वाऱ्यानं घेतली असं धरलं तरी उरलेली चाकाच्या एका डिस्कमध्ये, तिला घासणाऱ्या दोन पॅडमध्ये आणि ते पॅड दाबणाऱ्या, त्यांना चिकटून बसलेल्या कॅलिपरमध्ये जाते. कच्च्या वाटेवर वेग कमी, म्हणून वारा कमी. स्वार फूटपेगवर उभा, बुटाचं टोक पेडलवर नकळत टेकलेलं. मागच्या कॅलिपरमध्ये द्रव तरी किती, चहाचे दोन-चार चमचे.

त्या द्रवात पाणी असेल तर त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पॅडपर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन एका दाबात साधारण एक मिलिलिटर द्रव पुढे ढकलतो. अर्ध्या मिलिग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती सुमारे एक मिलिलिटर जागा व्यापते. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे एका थेंबाचा शंभरावा भाग! तेवढ्यानं पेडलची सगळी चाल वाफ चेपण्यात संपते. खाली येऊन कॅलिपर थंड झाला, वाफेचं पुन्हा पाणी झालं, ब्रेक परत आला. लाइनमध्ये हवा असती तर ती चहा पिऊन झाल्यावर निघून गेली नसती.

गंमत म्हणजे ब्रेक जोरात दाबलेला असताना हे सहसा घडत नाही. तेव्हा नळीत हवेच्या वीस-तीस पट दाब असतो आणि वीस पट दाबाखाली शुद्ध पाणीसुद्धा २१० अंशांच्या पुढेच उकळतं. पाय उचलला की दाब गळतो, पॅडची धग मात्र आत झिरपतच राहते. उकळी फुटते ती या क्षणी, आणि कळतं पुढच्या दाबाला. पाय नुसता टेकवून ठेवणं तर त्याहून वाईट, कारण दाब नाममात्र आणि तापणं अखंड.

पण बंद नळीत पाणी शिरलं कुठून? त्याला कोणी ओतावं लागत नाही. आपल्याकडे जुलैत पापड सादळतात, बिस्किटं सादळतात, बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. ब्रेक ऑइलही तसंच सादळतं. ग्लायकॉल इथरच्या रेणूत ठरावीक अंतरावर ऑक्सिजनचे अणू असतात आणि पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधानं त्यांना बिलगतात. रबरी होज आपल्याला बंद वाटते, पण पाण्याचा रेणू इतका बारका की तो रबरातून हळूहळू पार होतो. वर्षभर, गाडी उभी असतानाही.

मग असलं पाणी पिणारं रसायन मुद्दाम का निवडायचं? कल्पना करा, द्रव पाण्याला जवळ करत नाही. पाणी तरीही आत येणारच, पण ते न मिसळता थेंबाथेंबानं साचेल, आणि जड असलं तर उतरत उतरत सगळ्यात खालच्या जागी जाऊन बसेल. सगळ्यात खालची जागा कुठली? कॅलिपर. म्हणजे सगळ्यात तापणारी जागा. तिथे तो सुटा थेंब १०० अंशांना उकळणार आणि थंड असताना धातूला गंज चढवत बसणार. ग्लायकॉल त्याच पाण्याला सगळीकडे वाटून टाकतं आणि उकळबिंदू १४०-१५० च्या खाली सहजी जाऊ देत नाही. पाणी पिणं हा त्याचा दोष नव्हे, कामच ते आहे. डॉट ५ हे सिलिकोन, जांभळ्या रंगाचं. ते हे काम करत नाही. शिवाय ते किंचित दाबलं जातं, हवेचे बुडबुडे धरून ठेवतं आणि नळीत उरलेल्या ग्लायकॉलशी मिसळत नाही. ज्या गाडीच्या झाकणावर डॉट ४ लिहिलंय तिच्यात ते घालू नये.

इथे मला एक हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. अमेरिकी मानकात डॉट ३ चा 'कोरडा', म्हणजे नव्या द्रवाचा, उकळबिंदू किमान २०५ अंश आणि 'ओला' किमान १४०. ओला म्हणजे साधारण ३.७ टक्के पाणी. एवढंसं पाणी ६५ अंश कसं खातं? टक्के विसरा, रेणू मोजा. पाण्याचा रेणुभार १८, नेहमीच्या एका ग्लायकॉल इथरचा १६४. ३.७ ला १८ नं भागा, ०.२०. शंभरेक ग्रॅम इथरला १६४ नं भागा, ०.६१. म्हणजे दर चार रेणूंत एक पाण्याचा! राऊल्टच्या नियमानं पाणी आपल्या वाट्याइतकाच, म्हणजे पाव बाष्पदाब देणार. उकळी फुटायला तो पाव दाब हवेच्या दाबाएवढा व्हायला हवा, म्हणजे शुद्ध पाण्याचा दाब चौपट. तो होतो १४४ अंशांना. कागदाच्या चिठोऱ्यावर केलेलं गणित मानकातल्या आकड्याच्या चार अंश जवळ येतं, तेव्हा रसायनशास्त्रावरचं प्रेम पुन्हा जागं होतं.

डॉट ४ मध्ये याच्या जोडीला बोरेट एस्टर असतात. ते पाण्याच्या रेणूंशी प्रक्रिया करून त्यांना बांधून टाकतात. म्हणून आकडे २३० आणि १५५. अर्थात बांधणारेच खर्च होत जातात. डॉट ५.१ पुन्हा ग्लायकॉलच, २६० आणि १८०. डॉट ५ शी त्याचं नातं फक्त नावापुरतं. हे नामकरण ज्यांनी केलं त्यांनी जगभरच्या गॅरेजवाल्यांचा तळतळाट घेतला असणार. ५.१ उणे ४० अंशांनाही पातळ राहतं, त्याचा भांडुपला उपयोग नाही. वरच्या उकळबिंदूचा मात्र आहे. ३, ४ आणि ५.१ एकमेकांत मिसळतात, तरी झाकणावरच्या आकड्याच्या खाली उतरू नये. आणि बाटलीवर 'रेसिंग' छापलेलं असलं म्हणून ब्रेक जास्त लागत नाही. द्रव दाब जसाच्या तसा पोचवतो हा पास्कलचा नियम लेबल वाचत नाही.

बदलायचं कधी? कंपन्या साधारण दोन वर्षं म्हणतात. चिखलात आणि ओढ्यात गाडी घालणाऱ्या मुंबईकरानं दर वर्षी, पाऊस संपल्यावर बदलावं. आम्ही खंडेनवमी धरली. हत्यारांची पूजा करायची तर पाना हातात घेऊनच करावी. आधी ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाभोवतीचा चिखल धुऊन कोरडा पुसला, मग झाकण उघडलं. कॅलिपरच्या ब्लीड निपलला, म्हणजे द्रव बाहेर काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत. पेडल दाबून धरायचं, निपल पाव फेरा सैल करायचा, घट्ट करायचा, मगच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की हवा आत. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. भाच्याचं लक्ष एकदा फोनकडे गेलं आणि टाकी कोरडी पडली. मग अर्धा तास बुडबुडे काढत बसलो. गाडीच्या रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवायचा, नाहीतर रंग उचलला जातो.

निघालेला द्रव चहासारखा तांबूस होता. भाच्यानं त्याचा फोटो मित्राला पाठवला. रंगावरून पाणी किती ते कळत नाही हे मी सांगेपर्यंत फोटो गेला होता. नव्या डॉट ४ ची अर्धी बाटली उरली. उघडलेली बाटली पुढच्या वर्षी वापरायची नाही, असं त्याला बजावलंय. तो "हो मामा" म्हणाला, आणि झाकण घट्ट पिळून ती माझ्या बाल्कनीतल्या कपाटात ठेवून गेला.